कवळी आणि खर्ज

पुण्यात एखाद्याला आपण बासरी वाजवतो असं सांगितलं की तीन प्रश्न ठरलेले असतात. कुणाकडे शिकता? किती वर्षं झाली? आणि मग कार्यक्रम कधी? मी सांगते, की मी बासरीवृंदात वाजवते, आम्ही बावीस जण आहोत, मी शेवटच्या रांगेत बसते आणि जवळजवळ सगळा वेळ खालचा षड्ज आणि त्याहून खालचा पंचम एवढंच वाजवते. त्यावर चौथा प्रश्न येत नाही. 'अच्छा' येतो. हा 'अच्छा' मी इतक्यांदा ऐकलाय की त्याच्या सगळ्या तऱ्हा मला ओळखता येतात. एक दयेचा असतो. एक 'मग बासरी वाजवते असं कशाला म्हणालात' असा असतो. आणि एक खास पेठेतला असतो, त्यात आवाज नसतोच, नुसती भुवई असते.

सुरुवातीला मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? आता मी उलट विचारते, की तुम्ही कधी एकवीस माणसांबरोबर एक सूर धरलाय का? नाही ना? मग राहू द्या.

एकट्यानं मैफल गाजवणं थोरच आहे. पण ज्याला ते जमणार नाही त्यानं जन्मभर समोर बसून मान डोलवावी, मधली जागाच नाही, हे मला पटत नाही. मधल्या जागेत फार मजा आहे. मी तिथे वीस वर्षं बसले आहे आणि उठायचा माझा विचार नाही.

मी शिकायला लागले ती दोन हजार सालानंतरची वर्षं. खराडीत काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या आजूबाजूला अजून ज्वारीची शेतं होती. मी तिथल्या एका कंपनीत टेस्टिंगला होते. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्यांची यादी करायची आणि ज्याची चूक त्याच्या नावावर टाकायची. मी त्यात पटाईत होते. राहायला धायरीत, कारण तिथे मला घर घेता आलं. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कंपनीच्या बसनं रोजचे तीन तास. मी विदर्भातली, यवतमाळकडची. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याची काळजी माझ्यापेक्षा सोसायटीतल्या लोकांना जास्त होती.

एकदा छातीत दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. पण तुम्ही अर्ध्या छातीनंच श्वास घेता. उरलेली अर्धी काय भाड्यानं दिलीये का?"

त्याच आठवड्यात वाण्याच्या दुकानाबाहेर एक पाटी दिसली. 'बासरी शिकवली जाईल. रविवार, सकाळी साडेसात. पावणेआठला दार बंद होईल. सहज बघायला आलो म्हणणाऱ्यांनी सहज घरी जावे.' मला पाटी आवडली. रविवारी सव्वासातला मी हजर होते.

शिकवणी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात चाले. सर कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेले. बासऱ्या स्वतः भोकं पाडून, घासून जुळवायचे. ते कुणालाही एकट्याला शिकवत नसत. का, असं विचारलं तर म्हणायचे, "एकट्याला शिकवलं की तो एकट्यानंच वाजवतो. मग शेजाऱ्याचं ऐकणार कोण?"

त्यांची एक पद्धत होती, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पद्धतीनं बदललं म्हणायला हरकत नाही. ते सगळ्यांना जोड्यांनी बसवत. एका जोडीला एकच स्टँड, एकच कागद, दोघांना तेच सूर. त्या सुरांखाली पेन्सिलनं खुणा केलेल्या असत, कुठे गोल, कुठे फुली. गोल ही एकाच्या श्वासाची जागा, फुली दुसऱ्याच्या. गोल आला की फुलीवाल्यानं सूर सोडायचा नाही. फुली आली की गोलवाल्यानं सोडायचा नाही. दोघांनी एकाच वेळी श्वास घेतला की सुराला भोक पडतं, आणि ते भोक सरांना शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जाई. त्यामुळे वाजवताना स्वतःपेक्षा शेजाऱ्याकडे लक्ष जास्त ठेवावं लागे. तो दमत आला की आपण जरा भरून घ्यायचं, तो परत आला की आपण हलकं व्हायचं.

आठवडाभर मी दुसऱ्याची चूक शोधून त्याच्या नावावर टाकण्याचा पगार घेत होते. रविवारी दोन तास दुसऱ्याची चूक कुणाला कळूच नये म्हणून धडपडायचं. पहिले काही महिने डोकं गरगरलं, ते जास्त फुंकल्यामुळे की या उलट्या कारभारामुळे, सांगता येत नाही. मग एके दिवशी ऑफिसात भर मीटिंगमध्ये माझ्या लक्षात आलं, की मी पूर्ण छातीनं श्वास घेते आहे आणि समोरचा काय बोलतोय ते शेवटपर्यंत ऐकते आहे. टीममधल्या मुलांनी मला बरं नाही का, असं विचारलं.

माझी जोडी एका बँकेतल्या गृहस्थांशी होती. आमच्याकडे खर्जाच्या बासऱ्या होत्या, हातभराहून लांब, भोकं इतकी दूर की बोटं ताणून दुखायची. वर्षभरानं त्यांची बदली झाली आणि खर्जाच्या स्टँडवर मी एकटी उरले. त्याच सुमारास माझे वडील गेले आणि मी आईला पुण्याला घेऊन आले.

माझी आई आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. सायकलवरून गावोगाव जाऊन तिनं लसी टोचल्या, बाळंतपणं केली. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा. वरचे पुढचे चार दात पडलेले आणि उरलेले हलणारे. धायरीच्या तिसऱ्या मजल्यावर ती दिवसभर एकटी. शेजारणी येऊन जायच्या, पण 'मी येतो', 'मी जातो' म्हणणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. एकीनं हसत दुरुस्ती केली. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला म्हणाली, "बरं. आता मी चहा ठेवतो."

पण हळूहळू तिनं बोलणं कमी केलं. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा ती बाल्कनीत बसलेली असायची, दिवाही न लावता. मला भीती वाटायला लागली. म्हणून एका रविवारी तिला वर्गावर घेऊन गेले. ती बाहेर बाकावर बसली. 'सहज बघायला' आलेल्यांबद्दल सरांचं मत मला माहीत होतं, पण तिच्या वयाकडे बघून ते गप्प बसले. सुट्टीत मात्र त्यांनी रिकामी पडलेली खर्जाची बासरी उचलली आणि तिच्या हातात दिली.

"आजी, बोटं पोचतात का बघा."

बोटं सहज पोचली. आईनं बासरी ओठाला लावली, एकदा फुस्स झालं, तिनं खालचा ओठ जरा आत घेतला आणि पुन्हा फुंकलं. सूर लागला. जाडसर, घोगरा, पण सूर. मला पहिला सूर काढायला तीन आठवडे लागले होते. मी तिच्याकडे बघतच राहिले, आणि त्या बघण्यात कौतुक किती आणि जळफळाट किती हे विचारू नका.

"दात नाहीत म्हणून बरंय," सर म्हणाले. "वरचा ओठ छान सैल पडलाय. वारा कुठं अडत नाही."

"म्हंजे पडले थे कामी आले बाप्पा," आई म्हणाली आणि तोंड उघडून मोकळेपणानं हसली. तिचं ते हसू मी खूप महिन्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी जोडी झालो. गोल तिचे, फुल्या माझ्या. तिला स्वरलिपी शिकायला वेळ लागला, पण श्वासाच्या बाबतीत ती माझ्या पुढे होती. बाळंतिणीचा श्वास ऐकायची सवय असलेल्या बाईला शेजारणीचा श्वास काय अवघड? मी दमले की माझ्या आधी तिला कळायचं. आम्ही दोघी मायलेकी एकमेकींशी फारसं बोलणाऱ्यांतल्या नव्हे. वडील गेल्यावर तर 'जेवलीस का' याच्या पलीकडे आमचं बोलणं जाईना. पण रविवारी दोन तास ती माझ्या श्वासावर लक्ष ठेवायची आणि मी तिच्या, आणि त्यानंतरचा आठवडा घरात बरा जायचा. सुट्टीत लोक तिच्याभोवती जमू लागले, कुणी बीपीची गोळी विचारायला, कुणी सुनेचं बाळंतपण. बाल्कनीत बसणं थांबलं. खडकवासल्याच्या वाटेवर फिरायला जाताना ती बोटांनी हवेतच भोकं दाबत चालायची. वृंदाचे फायदे कुणी विचारले तर मी एवढंच सांगते, की माझी आई बाल्कनीतून उठली.

आमच्या जोडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या कंपनीचा वार्षिक समारंभ होता. दरवर्षी भाड्यानं आणलेला ऑर्केस्ट्रा आणि सिनेमाची गाणी. मीच सुचवलं, की या वेळी आमचा वृंद ठेवा. वरचे लोक लगेच तयार झाले, कारण परदेशातल्या क्लायंटना पाठवायच्या व्हिडिओत 'इंडियन' असं काहीतरी त्यांना हवंच होतं. आमच्या वृंदात आनंदीआनंद. सरांनी नवी रचना बसवायला घेतली. तिची सुरुवात एकट्या खर्जावर होती. कितीतरी वेळ फक्त खालचा सूर, अखंड, आणि मग त्याच्यावर बाकीच्या बासऱ्या एकेक करून येणार.

वृंदाच्या कार्यवाह बाई पहिल्या रांगेत वाजवायच्या. हॉल, साड्या, चहा, सगळं त्याच बघत. त्या नसत्या तर वृंद केव्हाच मोडला असता, हे मी आजही मान्य करते. एका रविवारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"राग मानू नका हं, पण शूटिंग आहे. आजींच्या दातांचं काहीतरी करून घ्या ना. आपल्याच आजी आहेत, म्हणून हक्कानं सांगते."

मी रागावायला हवं होतं. मी म्हणाले, "हो, माझ्याही मनात होतंच."

आणि ते खरं होतं. माझ्या ऑफिसातली माणसं समोर बसणार होती. ती इंग्रजी बोलणारी, नीटनेटक्या आयांची मुलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात एक गोष्ट अक्षरओळखीच्या आधी शिकवली जाई, की कुणापुढे मान खाली घालायची नाही. आणि मी आईच्या तोंडातल्या चार रिकाम्या जागांपायी मान खाली घालून बसले होते.

मी तिला डेंटिस्टकडे नेलं. तिनं एका शब्दानं विरोध केला नाही. हलणारे दात काढले, हिरड्या भरू दिल्या, मापं झाली, आणि समारंभाला तीन आठवडे असताना वरची कवळी आली. आई एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. रविवारी वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही बसलो, सरांनी हात वर केला, आणि आईच्या बासरीतून नुसती हवा आली.

तिनं पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. कवळीनं तिचा वरचा ओठ पुढे ढकलला होता आणि तीन वर्षं ज्या जागेतून वारा जात होता ती जागाच बुजली होती.

आम्ही बावीस बासरीवाले. फुंकर, ओठ, वारा याशिवाय आमच्या गप्पांत दुसरा विषय नसे. आणि बासरी वाजवणाऱ्या बाईचे दात करताना डेंटिस्टकडे बासरी न्यावी, हे बावीसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. त्यात मी टेस्टर. चालू प्रोग्रॅममध्ये एवढासा बदल केला तरी सगळं पुन्हा तपासून बघायचं, हे मी नव्या मुलांना दरडावून शिकवायचे. आईच्या तोंडात मी एवढा मोठा बदल केला आणि काही म्हणता काही तपासलं नाही.

दोन रविवार तिनं प्रयत्न केला. घरी आरशासमोर उभी राहून तासन्‌तास. ओठ सुजला, चक्कर आली, सूर काही आला नाही. समारंभाला एक आठवडा उरला तेव्हा कार्यवाह बाई समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "आजी, आपण बासरी नुसती ओठाला लावून बसा. शेवटच्या रांगेत कुणाला काय कळतंय? तुमच्या लेकीचा सूर आहेच की."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर तोंडापुढेही न घेता कवळी काढली, रुमालावर ठेवली, आणि बासरी उचलून खालचा पंचम लावला. तिला तो दोन आठवडे भेटला नव्हता. वर्गाच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. खरंच थरथरली, सैल होती ती.

सूर संपल्यावर ती म्हणाली, "आता आयकू आलं का?"

"अहो, ऐकू येण्याचा प्रश्न नाहीये," बाई म्हणाल्या. "इथं ठीक आहे, घरचंच आहे. पण स्टेजवर, कॅमेऱ्यासमोर, असं तोंड... बरं दिसतं का ते?"

सगळ्यांनी आपापल्या कागदात डोकं घातलं. मीही. सर पेन्सिलला टोक करत राहिले आणि म्हणाले, "बघू."

घरी आल्यावर आई म्हणाली, "मी नाई येत त्या कार्यक्रमाले. तू वाजव."

"आई, असं कसं?"

"काहून? दात तुनंच बसवले नं? तुले माही लाज वाटते म्हणून."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण तीन वर्षं जिच्या श्वासाशी श्वास जुळवला होता तिच्यापुढे खोटं बोलायला श्वास पुरेना. मी म्हणाले, "हो. वाटली."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, "खरं बोलली. चाल, भाकर खाऊन घे." भाकरी मोडता मोडता मला रडू आलं. लाज वाटलीच, पण आता ती माझी मलाच वाटत होती. आणि त्या लाजेमागून 'बरं दिसतं का' म्हणणाऱ्या सगळ्यांचा राग आला. तो तर अजून उतरलेला नाही.

समारंभाआधीची शेवटची तालीम शनिवारी होती. मी आईला जवळजवळ ओढतच नेलं आणि बाकावर बसवलं. आमच्या स्टँडसमोर एकच खुर्ची मांडलेली होती. म्हणजे ठरलं होतं.

मी सरांना म्हणाले, "सर, सुरू करू? आधी खर्ज आहे."

मी वाजवायला लागले. कागदावर फुली आली तिथे मी श्वास घेतला. सूर तुटला. पुन्हा लावला, पुन्हा फुली, पुन्हा तुटला. मी मुद्दाम काहीच केलं नाही. एका माणसाच्या छातीत जेवढा वारा मावतो तेवढाच मी फुंकत होते. त्या शांत वर्गात ते भोक दर वेळी मोठं होत गेलं. पहिल्या रांगेतले लोक मागे वळून बघायला लागले. वरच्या बासऱ्या यायची वेळ झाली, पण त्यांना पाय ठेवायला खाली जमीनच नव्हती. वरचा पहिला सूर लावणाऱ्या गृहस्थांनी बासरी खाली घेतली.

मी थांबले आणि बोलले. तोवर वृंदात मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. "हे असंच ऐकू येणार आहे. कागदावर गोल आहेत ते माझ्या आईचे आहेत. तिच्या जागी श्वास घ्यायला आणि सूर धरायला माझ्याकडे दुसरी छाती नाही. दिसण्यासाठी माणूस बसवायचा असेल तर पुतळा आणा, मीही उठते. वाजवायचं असेल तर ती बसेल, आणि जसं वाजवता येतं तसं वाजवेल. कुणाला बघवत नसेल त्यानं डोळे मिटून ऐकावं, संगीत तसंही चांगलं ऐकू येतं."

कार्यवाह बाईंचा चेहरा लाल झाला. "हा माझ्या एकटीचा प्रश्न आहे का? वृंदाचं नाव..."

"खुर्ची आणा," सर म्हणाले. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि बाईंकडे न बघता पुन्हा म्हणाले, "खर्जाला दुसरी खुर्ची आणा. भोक पडलेला सूर मी स्टेजवर नेणार नाही."

खुर्ची पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आणली. आई येऊन बसली. बाई त्या तालमीत आमच्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र त्यांनी आईला न विसरता दिला, बिनसाखरेचा, ती घेते तसा.

समारंभाच्या हॉलमध्ये एसी इतका जोरात होता की बांबू थंड पडून सूर उतरायला लागले. विंगेत आम्ही सगळे बासऱ्या काखेत धरून उभे होतो. रंगमंचावर जाऊन बसलो, दिवे लागले. समोर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत माझी टीम. कॅमेरा हळूहळू सगळ्यांवरून फिरत मागच्या रांगेकडे आला, आणि नेमकी तेव्हाच आईनं कवळी काढली. घाईनं नाही, लपवून नाही. डॉक्टरांसमोर काढावी तशी. रुमालात गुंडाळून स्टँडवर कागदाच्या शेजारी ठेवली आणि बासरी उचलली.

सरांचा हात वर झाला. आम्ही दोघींनी खालचा सा लावला.

हॉल शांत होता. तिचा पहिला गोल गेला, मी धरून ठेवलं. माझी पहिली फुली गेली, तिनं धरून ठेवलं. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून कुणीतरी हसलं. दाबून, नाकातून, पण मी ते हसू ओळखत होते. रोज माझ्या शेजारच्या टेबलावरून ऐकू यायचं.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. रागानं मी इतकं जोरात फुंकलं की छातीतला सगळा वारा एका दमात गेला. समोर कागदावर आईचा गोल आला होता. ती तिथे श्वास घेणार, मी सूर धरायचा, आणि माझ्याकडे धरायला काहीच नव्हतं. बासरी ओठाला लावलेली, आणि आत नुसती हवा. आता भोक पडणार. इतकं भांडून जी खुर्ची मिळवली होती तिच्या शेजारी बसून ते मीच पाडणार होते.

भोक पडलं नाही. आईनं तिच्या गोलापाशी श्वास घेतला नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सूर पुढे नेला. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. मी पूर्ण श्वास घेतला, सुरात परत आले, भरून दिलं, तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला. वरची पहिली बासरी आमच्यावर येऊन उतरली. मग दुसरी, मग तिसरी. हॉलमधल्या कुणालाही काही कळलं नाही. तो हसणाराही पुन्हा हसला नाही, पण त्याचं श्रेय मी त्याला देणार नाही.

टाळ्या पडल्या, फुलं दिली, वरचे साहेब येऊन इंग्रजीत छान बोलले. मी विंगेत आले. आई एका ट्रंकेवर बसून पाण्याच्या बाटलीनं कवळी धूत होती.

"काय झालं होतं तुले मंधात?" तिनं विचारलं. "वाजवून राह्यली होती का भांडून राह्यली होती?"

"दोन्ही," मी म्हणाले.

तिनं कवळी झटकली, तोंडात बसवली आणि उठून साडी नीट केली.

"मंग भांडाचा दम वेगळा ठेवत जाय पोरी," ती म्हणाली. "भांड, मी कुठं नाई म्हंतो. पण हा दम सगळ्यायचा हाय."